रिकाम्या हाताने निपाणीला

६ जानेवारी

सुविधाची बदली झाली. खातं तेच, पाणीपुरवठा. पद तेच, असिस्टंट इंजिनियर. गाव मात्र निपाणी. म्हणजे तिचं माहेर. माझी सून निपाणीची आहे हे मला अकरा वर्षं माहीत आहे, तरी आज ते नव्याने कळल्यासारखं झालं.

माझा मुलगा दीपंकर मच्छे गावातल्या कारखान्यातून आल्यावर आम्ही तिघं बसलो. ठरलं ते असं. सुविधा फेब्रुवारीपासून आई-वडिलांकडे राहणार. त्यांच्या मुलीची, बोधीची, तिसरी इथे बेळगावातच पूर्ण होणार, शनिवार-रविवार दीपंकर तिला निपाणीला नेणार. जूनपासून ती कुठल्या शाळेत जाणार ते एप्रिलात ठरवायचं.

मग सुविधाने अट घातली. या घरात बोधीसमोर निपाणीला नावं ठेवायची नाहीत, त्या घरात बेळगावला ठेवायची नाहीत. आणि "तुला कुठलं गाव जास्त आवडतं?" हा प्रश्न तिला कोणीही, कधीही विचारायचा नाही.

"गमतीने विचारला तर?" मी म्हटलं.

"गमतीनंच विचारतात सगळे, आई. आपल्या सीमाभागातल्या माणसांना जन्मभर हेच विचारत आलेत. कुठले तुम्ही, कुणीकडचे तुम्ही. मला शाळेत विचारलं, ऑफिसात अजून विचारतात. पोरीला घरात तरी नको."

मुद्देसूद बोलते. मुद्देसूद बोलणारी माणसं मला आवडतात, मुद्दा पटला नाही तरी. मी हो म्हटलं. पण जे तोंडाने बोलायचं नाही ते कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून आजपासून हे लिहायला घेतलं आहे.

निपाणीविषयीचं माझं मत एकदाच लिहून टाकते, म्हणजे विषय संपेल. धूळ, तिखट, मोठमोठ्याने बोलणं, आणि गावात शिरलं की तंबाखूचा वास. बेळगावची हवा, झाडं, शाळा यांच्याशी तुलना करण्याचं कारणच नाही. झालं.

२ फेब्रुवारी

सुविधा गेली. सोबत खव्याच्या कुंद्याचा मोठा डबा दिला. विहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जाणं म्हणजे आमच्या भागात नाक कापून घेणं. शिवाय बेळगावचा कुंदा काय असतो हे तिकडच्यांना अधूनमधून कळलेलं बरं.

दीपंकर तिला सोडून परतला तो सोनुबाईंनी, म्हणजे सुविधाच्या आईने, दिलेला कांदा-लसूण मसाला घेऊन. डबा आपल्या दारात ठेवल्यापासून शिंका सुरू होतात. नेहमीप्रमाणे समोरच्या सौम्याला दिला. ती धारवाडकडची, बँकेत आहे, तिला तो मसाला फार आवडतो. "टीचर, सूपर इदे," म्हणाली, म्हणजे झकास आहे.

बोधी रात्री जेवली नाही. मी जबरदस्ती केली नाही. आई गेल्यावर मुलं जेवत नाहीत, हे दोन दिवस चालतं.

९ फेब्रुवारी

बोधीची पहिली निपाणीची खेप झाली. मी अट पाळली. कुठलं गाव वगैरे काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "झोप लागली का गं नीट? खोकला वगैरे नाही ना झाला?"

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. म्हणाली, "तिथं तंबाखूचा वास येतो, आजी."

आपणहून म्हणाली. मूल म्हणजे स्वच्छ काच असते. मी तिला लोणी-साखर लावून गरम चपाती दिली. नऊ वर्षांची घोडी, पण मांडीवर येऊन बसली. फार दिवसांनी असा रविवार गेला.

२३ फेब्रुवारी

निपाणीचं पाणी मचूळ आहे. सोनुआजी इतकं मोठ्याने बोलते की बोधीचं डोकं दुखतं. भाजी इतकी तिखट की ती नुसता भातच खाते. हे सगळं ती बस स्टँडवरून घरी येईपर्यंतच सांगून टाकते, पाठ केल्यासारखं. मी फक्त ऐकते. ऐकायला अटीत मनाई नाही.

आज पुन्हा चपाती, लोणी, साखर.

९ मार्च

सौम्या दुपारी येऊन बसली. म्हणाली, "टीचर, एकदा मला पण निपाणीला घेऊन चला की. बोधी आमच्याकडे आली की तेच सांगत बसते. तिचे आजोबा तिला सायकलवर पुढे बसवून तलावावर नेतात म्हणे. आणि ती सोनुआजी गोष्ट सांगताना सगळे आवाज काढते म्हणे. शेळीचा, जावयाचा, जावई घोरतो त्याचा!"

मी म्हटलं, मुलं परक्या घरी बढाया मारतात. छत्तीस वर्षं शाळेत काढली, हे मला कोणी सांगायला नको.

२३ मार्च

बोधीला खोकला आहे. निपाणीहून आल्यापासून. डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, छाती साफ आहे, हवापालट झाला की होतं, गरम पाणी द्या. डॉक्टर तरुण आहेत.

मी ठरवलं. चौदा एप्रिलला जयंतीसाठी सगळे निपाणीत जमणार आहोत, तेव्हा स्पष्ट बोलायचं. मुलीच्या प्रकृतीचा प्रश्न आहे. ती बेळगावातच शिकेल.

दीपंकरला सांगितलं. तो बूट काढत होता. म्हणाला, "आई, सुविधा पाच-पाच दिवस लेकीशिवाय काढायलीय."

"आणि मी काढू शकेन असं तुला वाटतं?"

हे बोलायला नको होतं. मुद्दा तो नाही. मुद्दा प्रकृतीचा आहे. दीपंकरने बूट दोनदा जागेवर ठेवले.

१५ एप्रिल

काल दिवसभर निपाणीत होते. जन्मात पहिल्यांदा बेळगावची मिरवणूक चुकवली. बस शहराबाहेरच्या काकतीच्या पुढे गेली तेव्हा परत फिरावंसं वाटलं. मांडीवर कुंद्याचा डबा होता.

सोनुबाईंच्या या घरी मी पहिल्यांदाच गेले. लग्न जमवताना पाहिलेलं ते जुनं घर, तंबाखूच्या वखारीला भिंत लावून. हे नवीन, गावाबाहेरच्या वस्तीत, दोन खोल्या आणि गच्ची. सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे, दारावर निळा झेंडा. सुविधाचे वडील सिद्राम हे बाजारात हमाल होते, आता घरीच असतात आणि दिवसभर कोणाची तरी फिरकी घेतात.

"या, या विहीणबाई! बाबासाहेब पयलं निपाणीला आल्ते. आता तुमीबी आलासा. उशिरा का हुईना."

"आधी कुठे आले यावरून गावाचं मोठेपण ठरत नाही," मी म्हटलं.

"छ्या! आमी कुठं मोठं म्हनतोय? पयलं म्हनतोय."

वंदना झाली, जेवायला बसलो. बोधी आत सरबत करत होती. मी बोलायला सुरुवात केली, वर्गात करते तशी, कारण आधी आणि निष्कर्ष मग. बोधीला इथला तंबाखूचा वास सोसत नाही, खोकला होतो, म्हणून जूनपासून ती बेळगावातच राहावी.

सुविधा मान खाली घालून भात कालवत राहिली. सोनुबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"कसला वास?"

तेव्हा मी पहिल्यांदा लक्ष देऊन श्वास घेतला. खिडकी उघडी होती. बाहेर ऊस. घरात कांदा परतल्याचा वास, सिद्रामांच्या डोक्याच्या तेलाचा वास. तिसरा वास नव्हता.

"वखारीतलं काम सोडून मला धा वर्सं झाली," सोनुबाई म्हणाल्या. "ह्या घरात तंबाखूचं पान आलं न्हाय. ह्यांची बिडीसुदिक लेकीनं सोडवली."

"बोधीच म्हणाली मला."

"बोधी?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आन मला काय म्हनली सांगू? बेळगावला आजी दार लावून जेवती, माझा जीव गुदमरतोय. थंडीनं हाडं दुखत्यात. हसलं की आजी रागं भरती."

"दार मी कुत्र्यांसाठी लावते! बेळगावची माणसं दार लावून जेवतात, हे तिच्यापुढे बोललं कोण?"

सोनुबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "मीच. निसटलं एकदा तोंडातनं."

तंबाखूच्या वासाचं तिच्यापुढे कोण बोललं, हे त्यांनी मला उलट विचारलं नाही. विचारायला जागा होती. विचारलं नाही.

आणि मग मला बोधी दिसली. सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी. खोटं पकडलं गेलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती जमिनीकडे बघतात. ही आमच्या तोंडांकडे बघत होती. आधी माझ्या, मग सोनुबाईंच्या, मग पुन्हा माझ्या. आता कुठल्या तोंडाला काय हवं आहे, ते शोधत होती.

सुविधा उठली. तिने ट्रे हातातून घेतला, पेले सगळ्यांपुढे ठेवले आणि म्हणाली, "बोधी, हलगी वाजायली. मिरवणूक चौकात आली असेल, चल." दोघी गेल्या. पोरीला एक शब्द बोलली नाही. आम्हाला तर त्याहून नाही. तिच्या जागी मी असते तर दोघी म्हाताऱ्यांना चांगलं सुनावलं असतं.

नंतर मी आणि सोनुबाई मागच्या दारी भांडी घासत होतो. 

"वो बाई," त्या म्हणाल्या, "ती असलं कायतरी बोलली की तुमी तिला काय खायाला देत हुतासा?"

मी कढईचं बूड घासत राहिले.

"मी शेंगाची पोळी देत हुते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हमखास."

"लोणी-साखर," मी म्हटलं.

त्या हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले. "दोघींनी मिळून पोरीकडनं चुगल्या इकत घेतल्या की वो!"

मग एकदा खरं बोलायला लागल्यावर त्या थांबेनात. "आता खरंच सांगते. तुमचा कुंदा आमी शेजारी वाटतो. लई गोड."

"तुमचा मसाला मी समोरच्या घरी देते."

"सगळा?"

"सगळा."

"लगीन झाल्यापास्नं?"

"लग्न झाल्यापासून."

हातातलं पातेलं त्या माझ्यावर फेकतात की काय, असं क्षणभर वाटलं. पण त्यांनी ते विसळून पालथं घातलं. म्हणाल्या, "मग बास झालं. पुढच्या खेपंला काय आणायचं न्हाय. रिकाम्या हातानं या. चार दिस ऱ्हावा. पोरगी घालंल ते खायाचं, दावंल ते बघायचं. म्या बी तशीच येते बेळगावाला."

विहिणीच्या घरी रिकाम्या हाताने! मी "बघू" म्हटलं. शाळेचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मीही नाही.

२ मे

बोधी सुट्टीसाठी निपाणीतच आहे. घर इतकं नीटनेटकं राहतंय की बघवत नाही.

फोनवर तिला विचारलं, मी येऊ का? ती म्हणाली, "ये." मग जरा थांबून, "इथं बघायला काय न्हाय पण, आजी."

११ मे

काल निपाणीला आले. स्टँडवर उतरले तेव्हा दोन्ही हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी डझनभर केळी घेतली. रिक्षात बसताना सोनुबाईंचा शब्द आठवला आणि ती केळी रिक्षावाल्याला देऊन टाकली. तो म्हणाला, "का वो मावशी, सुटं पैसं न्हाईत काय?"

बोधी यजमानीण. काय दाखवणार म्हटलं तर "काय न्हाय" म्हणते. जेवताना माझ्या ताटाकडे नाही, तोंडाकडे बघते. सोनुबाईंनी रस्सा केला होता. पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली. माझा हात पाण्याकडे गेला मात्र, बोधी लगेच म्हणाली, "सोनुआजी लई तिखट करते, व्हय की नाही आजी?"

सोनुबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी बोधीला म्हटलं, "गप्प बस आणि मला आणखी वाढ."

दोन वाट्या खाल्ला. छान आहे असं मी म्हटलं नाही, कारण तो छान नव्हता. दुपारभर गच्चीच्या सावलीत पोट धरून बसले. सिद्राम जिन्यात येऊन म्हणाले, "विहीणबाई, बंब बोलवू का?"

१२ मे

आज बुद्धपौर्णिमा. सकाळी वंदना झाली, खीर चुलीवर होती, एवढ्यात सुविधाचा फोन वाजला. कुठल्याशा रस्त्याच्या कामात जेसीबीने मोठी पाइपलाइन फोडली. ती तशीच गेली, नव्या पांढऱ्या साडीवर.

थोड्या वेळाने बोधी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "आजी, आईला बघायला जाऊया?"

दोन दिवसांत तिने स्वतःहून काढलेली ही पहिली जागा. गेलो.

रस्त्याच्या मधोमध खड्डा, त्यात गढूळ पाणी, आणि त्यात साडी खोचून गुडघाभर उभी सुविधा. खड्ड्याच्या काठाने बायका, प्रत्येकीच्या काखेत घागर. बायका काय बोलत होत्या ते लिहिण्यासारखं नाही. निपाणीत हळू कोणी बोलत नाही हे मी म्हटलंच होतं. सुविधा एका माणसाशी कानडीत बोलत होती, वेल्डिंगवाल्याशी हिंदीत, आणि वर बघून बायकांशी त्यांच्याच बोलीत.

"वो मॅडम! सणाच्या दिशी पाणी न्हाय, आमी काय कोरडी खीर करायची?"

"मावशी, माझी खीर चुलीवर तशीच हाय. तुमची झाल्याबिगर मी खाणार न्हाय. चालंल?"

"ए, तू सोनुची पोरगी न्हवं? थांब, तुझ्या आईला सांगते!"

"सांगा की. तिनंच मला लवकर जा म्हणून ढकललंय."

बायका हसल्या. ज्या बायका घागर डोक्यात घालायला निघाल्या होत्या त्या हसल्या, आणि एकीने पदर खोचून खड्ड्यातला राडा उपसायला हात लावला. दुसरीने तिला बघून लावला. सुविधाने कोणालाही या म्हटलं नव्हतं. ती फक्त कोणाचं ऐकून घ्यायचं, कोणाला उत्तर द्यायचं आणि कोणाकडे पाठ करून काम करत राहायचं, हे ओळखत होती. साठ मुलांच्या वर्गावर असा ताबा यायला मला कित्येक वर्षं लागली, आणि तो आला तेव्हा माझ्या वर्गात कोणी हसत नव्हतं.

जोड बसला. व्हॉल्व्ह उघडल्यावर सुविधा तिथून हलली नाही. वरच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला पाणी आलं असं पोरांनी ओरडून सांगितल्यावर मगच बाहेर आली. मघाशी आईला सांगायला निघालेल्या बाईने भरलेली पहिली घागर तिच्या चिखलाच्या पायांवर ओतली.

"शाब्बास!"

माझ्या तोंडून गेलं. मोठ्याने. दोन बायकांनी वळून पाहिलं.

बोधी माझा हात धरून उभी होती. "कुणाला म्हणालीस?"

"तुझ्या आईला."

"निपाणीत?"

"हो. निपाणीत."

त्यानंतर ती थांबेना. हाताला धरून मला गावभर ओढलं. हा तलाव, इथं आजोबा सायकल लावतात. ही बाई मला नेहमी जादा भडंग देते. ह्या पायरीवर बसलं की वाऱ्याने कान गार होतात, बस बघ. आणि हा दगड हत्तीसारखा आहे. मी म्हटलं, "मला नाही वाटत हत्तीसारखा. बैलासारखा आहे." मला वाटलं, आता तिचं तोंड उतरेल. ती दगडाकडे वाकून बघत म्हणाली, "तुला दिसत न्हाय, आजी. चष्मा पूस," आणि पुढे पळाली.

अर्ध्या गोष्टी मला आवडल्या नाहीत. तसं सांगितलंही. तिने एकदाही माझं तोंड न्याहाळलं नाही.

१३ मे

निघताना सुविधा दारात चपलांचा वाळलेला चिखल काढत होती. तिला सांगितलं, "बोधी जूनपासून इथल्या शाळेत जाईल. आईला काम करताना बघण्यासारखी दुसरी शाळा माझ्याकडे नाही. शनिवार-रविवार ती माझ्याकडे. त्यात बदल चालणार नाही."

ती म्हणाली, "आई, तुम्ही..." आणि हातातली चप्पल तशीच खाली ठेवली.

"पुरे. बस चुकेल," मी म्हटलं आणि पिशवीत चष्म्याचं घर शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

२५ मे

सोनुबाई बोधीला घेऊन बेळगावात आल्या त्याला आज चार दिवस झाले. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हात लई हलकं वाटत्यात वो. चोरी करून पळून आल्यागत."

बोधीने त्यांना किल्ल्याचा तलाव दाखवला, कॅम्पातली झाडं दाखवली, माझी जुनी शाळा बाहेरून दाखवली. झाडांखाली त्या म्हणाल्या, "सावली हाय म्हनायची. खरं एवढी सावली करायची काय?" कुंदा त्यांना दुकानातच बसवून खायला घातला. त्यांनी बशी पुसून खाल्ली आणि म्हणाल्या, "गोडच हाय. पर हितं बसून खाल्ला की बरा लागतोय."

दुपारी जेवताना मी मुद्दाम दार उघडं ठेवलं. सोनुबाई उठल्या आणि स्वतः कडी लावून आल्या. "ऱ्हाऊ दे लावल्यालं. गुदमरतंय का बघू दे तरी!" बोधी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी "हसू नकोस जेवताना" म्हणणार होते. पण मलाच हसू आवरेना, आणि सोनुबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बोधे, बघ गं, हसतीया की!"

सौम्या मसाला मागायला आली होती. मी निपाणीहून येताना मागून आणला होता, त्यातला तिला अर्धाच दिला. उरलेला ठेवून घेतला आहे. आमटीत चिमूटभर घालून बघेन.

११ जून

संध्याकाळी सोनुबाईंचा फोन. आवाज चढलेला.

"विहीणबाई, पोरगी रडतीया! शाळंतनं आली, दप्तर टाकलं आन रडाय लागली. म्हनलं, कुणी मारलं का? न्हाय. बाई बोलल्या का? न्हाय. मग? म्हनती, बेळगावची आठवण आली, आजीकडं जायचंय. माझ्या तोंडावर वो! माझ्याच मांडीवर बसून तुमच्या नावानं रडली!"

मी विचारलं, "तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? उचलून खाली ठेवावं वाटलं, आन पापा बी घ्यावा वाटला. पापा घेतला. म्हनलं, रड. मग तुमाला फोन लावला."

त्यांना मला हे सांगण्याची काही गरज नव्हती. पोरगी दहा मिनिटांत गप्प झाली असती, आणि मला कधीच कळलं नसतं. मी फोन ठेवून तशीच बसून राहिले. आनंद झाला हे लिहिते, कारण इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. पण त्याहून जास्त वेळ मी सोनुबाईंचा विचार करत होते. त्या माझ्याहून मोठ्या मनाच्या आहेत. असा फोन मला जमला नसता.

२१ जून

दीपंकर बोधीला काल संध्याकाळी घेऊन आला. सकाळी ती नीट जेवली, सौम्याकडे जाऊन आली, माझ्याबरोबर बाजारात आली. दुपारी खिडकीत बसली होती. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी भाजी निवडत होते. बघते तर तिचे खांदे हलतायत.

"काय झालं?"

"मला निपाणीला जायचंय."

"उद्या जाणारच आहेस."

"आत्ता."

हेच शब्द आपल्या कानावर पडू नयेत म्हणून मी काय काय केलं, ते मागच्या पानांवर आहे. आज ते ऐकले.  "इथे काय कमी आहे गं तुला?" हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

मी भाजीची परात बाजूला सरकवली आणि तिला मांडीवर घेतलं. आता ती मावत नाही. विचारलं, "तिथे आत्ता काय चाललं असेल?"

हुंदके देत देत तिने सांगितलं. आजोबा झोपून उठले असतील. सोनुआजी शेंगा भाजत असेल आणि आजोबा गरमच उचलत असतील, आणि सोनुआजी उलथन्याने मारते असं करत असेल पण मारत नसेल. आई चार वाजता फोन करून विचारत असेल, दूध आलं का. हे सगळं तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, माझ्या पदराला नाक पुसत. त्यात माझ्यासाठी काहीच नव्हतं. मी ते सगळं ऐकलं.

मग तिला तशीच मांडीवर ठेवून फोन घेतला आणि निपाणीला लावला.

"सोनुबाई, पोरगी रडतेय. तुमच्याकडे यायचं म्हणते."

पलीकडून आधी ऐकू आला तो शेंगा भाजल्याचा तडतडाट.

मग त्या म्हणाल्या, "रडू दे की वो जराशी. लगीच गप करू नगा."